पवनचक्कीचा ताळेबंद

एखाद्या राष्ट्राला आपल्या कर्तृत्वाची ग्वाही जगापुढे द्यावयाची असली म्हणजे दुरून दिसणाऱ्या वस्तूंचा मोह त्याला सहसा आवरत नाही, आणि विसाव्या शतकाने निर्माण केलेल्या अशा वस्तूंमध्ये पवनचक्कीइतकी उंच, सतत गतिमान आणि कोसभर अंतरावरूनही नजरेत भरणारी वस्तू क्वचितच दुसरी असेल. धरण डोंगराच्या कुशीत असते, अणुभट्टी भिंतींच्या आड असते. पवनचक्की मात्र उघड्या माळावर किंवा समुद्रकिनारी उभी राहून आपली पाती सर्वांना दाखवीत असते. त्यामुळे ‘जगातील पहिली’, ‘जगातील सर्वांत मोठी’, ‘आमच्या शास्त्रज्ञांनी सर्वस्वी नव्या तत्त्वावर घडविलेली’ अशा विशेषणांसह तिची उद्घाटने होतात आणि तिच्या व्यासाचे आकडे राष्ट्रीय अभिमानाचे आकडे होऊन बसतात. परंतु ज्याच्या घरी त्या विजेचा दिवा लागतो त्या ग्राहकाला यंत्राच्या उंचीशी कर्तव्य नसते. एका युनिटास किती पैसे पडले आणि ते यंत्र उद्या, परवा व पंधरा वर्षांनंतरही चालेल काय, एवढाच त्याचा प्रश्न असतो. अभिमानाचे माप आणि ग्राहकाचे माप यांत अंतर पडले की सरकारी खजिन्यातील रकमा कशा वाहून जातात, आणि ते अंतर ज्यांनी मिटविले त्यांनी ते कशाच्या बळावर मिटविले, याचा इतिहास फार बोधप्रद आहे.

तो समजून घेण्यापूर्वी वाऱ्याचे अर्थशास्त्र थोडक्यात पाहिले पाहिजे. वाऱ्यातून मिळणारी शक्ती हवेच्या घनतेवर, पाती फिरताना व्यापतात त्या वर्तुळाच्या क्षेत्रफळावर आणि वाऱ्याच्या वेगावर अवलंबून असते. त्यांपैकी क्षेत्रफळाच्या ती सरळ प्रमाणात, पण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदास ६ मीटर वेगाच्या वाऱ्याऐवजी ७ मीटर वेगाचा वारा मिळाला, तर वेग सुमारे १७ टक्क्यांनीच वाढतो, परंतु शक्ती ५९ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच जागेची निवड ही यंत्राच्या निवडीपेक्षाही महत्त्वाची ठरते. यातील सगळीच शक्ती काही हाती लागत नाही, कारण वाऱ्याची संपूर्ण गती काढून घेतली तर चक्रामागे हवा तुंबेल आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला वाटच उरणार नाही. गटिंगेनचे शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्स यांनी १९२० मध्ये मांडल्याप्रमाणे या ग्रहणाची परमसीमा २७ भागांतील १६ भाग, म्हणजे ५९.३ टक्के एवढी आहे, आणि आजची चांगली यंत्रे त्या सीमेच्या बरीच जवळ पोहोचलेली आहेत. एखाद्या नव्या आकाराच्या चक्कीने त्याच वाऱ्यातून, त्याच क्षेत्रातून दुपटी-तिपटीने वीज काढल्याचा दावा कोणी केला, तर त्या दाव्याची तपासणी या एका अपूर्णांकाने करता येते.

वारा विकत घ्यावा लागत नाही हे खरे, पण त्यातूनच एक अडचणही उद्भवते. कोळशाच्या वीजकेंद्रात खर्चाचा मोठा हिस्सा इंधनावर दरमहा होत असतो. पवनचक्कीत जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि पुढील वीस-पंचवीस वर्षे त्याची वसुली होत राहते. तेव्हा युनिटाची किंमत ठरते ती उभारणीचे भांडवल, त्यावरील व्याज, यंत्राचे आयुष्य, दुरुस्तीचा खर्च आणि वर्षाकाठचे उत्पादन यांवरून. एक मेगावॅटचे यंत्र वर्षभर अखंड पूर्ण शक्तीने चालले तर ८७ लाख ६० हजार युनिट वीज देईल; वारा कमीअधिक असल्याने त्याचा चौथा हिस्सा हाती आला, तर २१ लाख ९० हजार युनिटांवरच सगळ्या खर्चाची वाटणी करावी लागते. व्याजाचा परिणाम तर सामान्य वाचकाला चकित करील असा आहे: एक कोटी रुपयांचे कर्ज २० वर्षांच्या समान वार्षिक हप्त्यांनी फेडावयाचे तर ५ टक्के दराने हप्ता सुमारे ८ लाख रुपये येतो आणि १० टक्के दराने पावणेबारा लाख, यंत्रात एका खिळ्याचाही फरक न होता वीज जवळजवळ दीडपट महाग होते. आता सावकार कमी व्याजाने पैसे कोणाला देतो? ज्याच्या यंत्राची वर्तणूक त्याला ठाऊक असते त्याला. यावरून हे ध्यानात येईल की विश्वसनीयता हा पवनचक्कीचा केवळ तांत्रिक गुण नसून तिच्या किमतीचाच एक घटक आहे, आणि नवेपणा, तो कितीही बुद्धिमत्तेचा असला तरी, प्रारंभी किंमत वाढविणाराच असतो.

या हिशेबाचा पहिला मोठा धडा अमेरिकेने घेतला. पामर पटनम या अभियंत्याच्या कल्पनेवरून, जलविद्युत यंत्रे घडविणाऱ्या एस. मॉर्गन स्मिथ या पेनसिल्व्हेनियातील कंपनीने व्हरमाँट राज्यातील ग्रँडपाज नॉब नावाच्या टेकडीवर ५३ मीटर व्यासाची, दोन पात्यांची, १,२५० किलोवॅटची चक्की उभारली. थिओडोर फॉन कार्मान यांच्यासारख्या वायुगतिशास्त्रज्ञाचे साहाय्य तिला लाभले होते, आणि १९ ऑक्टोबर १९४१ रोजी ती सार्वजनिक वीजजाळ्यास जोडली गेली, तेव्हा मेगावॅटची मर्यादा ओलांडणारी जगातील ती पहिली पवनचक्की ठरली. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिचे मुख्य बेअरिंग निकामी झाले, आणि महायुद्धाच्या टंचाईमुळे ते बदलण्यास दोन वर्षे लागली. पुढे २६ मार्च १९४५ रोजी सुमारे आठ टन वजनाचे एक पाते मुळापासून तुटून पडले. कंपनी येथवरच थांबली असती तर ही केवळ एका अपघाताची कथा झाली असती. परंतु तिने शांतपणे कागद पेन्सिल घेऊन हिशेब मांडला: अशी आणखी यंत्रे उभारली तर दर किलोवॅटला सुमारे १९० डॉलर खर्च येईल, आणि स्थानिक वीजकंपनीच्या दृष्टीने त्या शक्तीचे मोल १२५ डॉलरांहून अधिक नाही. ही तफावत पाहून कंपनीने तो उद्योग सोडून दिला आणि पटनम यांनी १९४८ मध्ये सारा अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. स्वतःच्या पदरचा पैसा घातलेल्या कंपनीने तोटा कबूल करून त्याचे दप्तर सर्वांना खुले करावे, हे माझ्या मते त्या चक्कीच्या फिरण्याइतकेच मोठे कार्य होते; कारण पुढील पिढीला प्रश्न नेमका कोठे अडला आहे हे त्यामुळे कळले.

१९७३ च्या तेलसंकटानंतर हा प्रश्न खासगी कारखानदारांच्या हातून सरकारांच्या हाती गेला. तेलाच्या किमतींनी भयभीत झालेल्या औद्योगिक राष्ट्रांनी संशोधनासाठी मोठ्या रकमांची तरतूद केली, आणि ज्यांच्याजवळ विमाने व अग्निबाण घडविण्याची विद्या होती त्यांना पवनचक्की हे त्या विद्येपुढे अगदीच किरकोळ काम वाटले. अमेरिकेत ‘नासा’ या अंतराळसंस्थेच्या देखरेखीखाली ‘मॉड’ नावाची यंत्रमालिका सुरू झाली. १९७५ मध्ये ओहायो राज्यात १०० किलोवॅटचे यंत्र उभे राहिले. लगेच १९७९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील बून येथे २ मेगावॅटचे, ज्याच्या मंद पण खोल आवाजाने भोवतालचे रहिवासी त्रस्त झाले. त्यानंतर विमाने बांधणाऱ्या बोइंग कंपनीची २.५ मेगावॅटची यंत्रे वॉशिंग्टन राज्यात आणि अखेर १९८७ मध्ये हवाई बेटांवर ३.२ मेगावॅटचे यंत्र. प्रत्येक पायरी मागील पायरीचा अनुभव पचण्यापूर्वीच चढली गेली, आणि या मालिकेतील एकही नमुना बाजारात विकला जाणारा माल होऊ शकला नाही.

जर्मनीची कथा याहून अधिक नाट्यमय आहे. उलरिख ह्यूटर या विद्वान अभियंत्याने १९५० च्या दशकात ३४ मीटर व्यासाची, १०० किलोवॅटची एक हलकी व अत्यंत कुशल रचनेची चक्की घडविली होती आणि काचतंतूंची पाती वापरण्याचा मार्ग दाखविला होता. या वारशाच्या आधारावर, संघराज्याच्या संशोधन मंत्रालयाने दिलेल्या पैशातून, श्लेस्विग-होल्स्टाइनच्या किनाऱ्यावर कैसर-विल्हेल्म-कोग येथे ‘ग्रोवियान’ हे यंत्र उभारण्यात आले: ३ मेगावॅट शक्ती, १०० मीटर व्यास आणि तेवढाच उंच स्तंभ. १०० किलोवॅटवरून एका उडीत तीसपट शक्तीवर जाण्याचा हा प्रयत्न होता. व्यास वाढविला की क्षेत्र वर्गाच्या प्रमाणात वाढते, पण सर्व मापे त्याच पटीने वाढविली तर वजन घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास दुप्पट झाला तर वीज चौपट, पण लोखंड आठपट. शिवाय ग्रोवियानची पाती स्तंभाच्या मागच्या बाजूस होती, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक पाते स्तंभाच्या वाऱ्याआड शिरून पुन्हा वाऱ्यात येई, आणि त्या धक्क्यांची मोजदाद लाखांत जाई. पाती ज्यात बसविली होती त्या तुंब्याच्या पोलादास लवकरच भेगा पडल्या. १९८३ मध्ये सुरू झालेले हे जगातील त्या काळचे सर्वांत मोठे पवनयंत्र १९८७ च्या ऑगस्टमध्ये बंद झाले, तोपर्यंत ते अवघे ४२० तास चालले होते. पुढील वर्षी ते पाडण्यात आले. सुमारे ९ कोटी मार्क खर्ची पडले. प्रकल्पात भागीदार असलेल्या वीजकंपन्यांचा उत्साह मुळातच बेताचा होता. यंत्र फसल्याने वाऱ्यावर वीज होणे शक्य नाही असे म्हणणाऱ्यांना एक भक्कम दाखला मिळाला, आणि हेच या प्रकरणातील सर्वांत मोठे नुकसान होते. अकाली केलेला राष्ट्रीय दावा फसला म्हणजे केवळ पैसा जात नाही. त्या विद्येवरील लोकांचा विश्वासही काही वर्षांपुरता उठतो.

याच काळात शेजारच्या लहानशा डेन्मार्कमध्ये जे घडले त्यास प्रारंभी कोणी राष्ट्रीय पराक्रम म्हटले नसते. तेथे या विद्येची परंपरा जुनी होती. आस्कोव्हच्या लोकविद्यालयात पोल ला कूर यांनी १८९१ पासून वाऱ्यावर वीजनिर्मितीचे प्रयोग केले आणि ग्रामीण तरुणांना ती विद्या शिकविली; त्यांचाच विद्यार्थी योहानेस यूल याने पुढे वीजकंपनीत नोकरी करीत असता १९५७ मध्ये गेडसर येथे २४ मीटर व्यासाची, तीन पात्यांची, २०० किलोवॅटची चक्की उभारली. तिची रचना साधी होती: पाती तुंब्यात पक्की बसविलेली, वारा फार वाढला तर पात्यांवरील हवेचा प्रवाह आपोआप विस्कळित होऊन शक्ती मर्यादेत राहावी अशी त्यांची घडण, आणि यंत्र बेफाम होऊ लागल्यास पात्यांची टोके आडवी वळून गती रोखावी अशी सोय. दहा वर्षे ती फारशा दुरुस्तीवाचून चालली आणि १९६७ मध्ये बंद झाली ती बिघाडामुळे नव्हे, तर स्वस्त तेलापुढे तिची वीज महाग पडली म्हणून. तेल महागताच यूलच्या त्या रचनेकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले. क्रिस्टियन रीसेअर या सुताराने आपल्या अंगणात त्याच धर्तीवर २२ किलोवॅटची चक्की जुळविली. ट्विन येथील शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांनी हाताने राबून २ मेगावॅटचे यंत्र उभे केले, जे १९७८ मध्ये फिरू लागले. आणि शेतीची अवजारे, सिंचनयंत्रे, टाक्या बनविणारे छोटे कारखाने एकेक करून या धंद्यात उतरले. आज जगविख्यात असलेली व्हेस्टास कंपनी त्यांपैकीच एक.

डेन्मार्क सरकारने पैसा दिलाच नाही असे मात्र कोणी समजू नये. त्याने तो निराळ्या हाताने दिला. १९७८ मध्ये रीसो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत पवनयंत्रांची चाचणी-शाखा स्थापन झाली, आणि १९७९ पासून चक्की विकत घेणाऱ्यास तिच्या किमतीच्या ३० टक्के साहाय्य मिळू लागले. अट एकच, की त्या यंत्रास रीसोची मान्यता असली पाहिजे. साहाय्य कारखानदाराला न मिळता ग्राहकाला मिळत असल्यामुळे कारखानदाराला ग्राहकाची मर्जी सांभाळावी लागे, आणि मान्यतेच्या अटीमुळे वादळात बेफाम होणारी यंत्रे बाजारातून हळूहळू नाहीशी झाली. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की चक्क्यांच्या मालकांनी आपली संघटना स्थापून एक मासिक चालविले आणि त्यात कोणत्या बनावटीच्या यंत्राने किती वीज दिली व कोठे काय मोडले याचे आकडे दरमहा छापण्याचा शिरस्ता पाडला. ज्याला नवी चक्की घ्यावयाची असे तो ते आकडे वाचूनच कारखान्याच्या दारात जाई. साहाय्याचे प्रमाण पुढे टप्प्याटप्प्याने उतरवीत १९८९ मध्ये ते संपविण्यात आले. यंत्रे मात्र २२ वरून ५५, ५५ वरून ७५-९०, पुढे १५०, २२५ आणि ५०० किलोवॅट अशी पायरीपायरीने वाढत गेली, आणि दर पायरीमागे शेकडो चालत्या यंत्रांचा अनुभव उभा होता.

फलिताची तुलना आकड्यांतच पाहावी. १९७५ ते १९८८ या काळात अमेरिकेच्या केंद्र सरकारने पवनऊर्जा-संशोधनावर सुमारे ४३ कोटी डॉलर खर्च केले, जर्मनीने सुमारे १० कोटी, आणि डेन्मार्कने २ कोटींहूनही कमी. आणि जगाच्या बाजारपेठेत मान मिळाला तो डेन्मार्कच्या यंत्रांना. कॅलिफोर्नियाने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात करसवलती देऊन हजारो चक्क्या उभारल्या, तेव्हा अमेरिकेच्या भूमीवर, अमेरिकेच्या करदात्यांच्या पैशाने, डॅनिश यंत्रांचीच मोठी आयात झाली. मात्र ती सवलत गुंतवणुकीवर होती, उत्पादनावर नव्हती. त्यामुळे चालणाऱ्या यंत्रांबरोबर न चालणारी यंत्रेही कर वाचविण्यासाठी उभी राहिली, १९८५ च्या अखेरीस सवलत संपताच बाजार कोसळला, आणि पुढील वर्षी व्हेस्टासवरदेखील देणी स्थगित करण्याचा प्रसंग आला. साहाय्य कशास जोडलेले आहे यावर त्याचे फळ अवलंबून असते, हे यावरून सिद्ध होते.

येथे ग्रोवियानच्या अभियंत्यांना न्याय दिला पाहिजे. मोठ्या यंत्राचे त्यांचे स्वप्न मिथ्या नव्हते. उंचावर वारा अधिक वेगवान असतो, समुद्रात पाया घालणे फार महाग असल्याने तेथे थोडी पण मोठी यंत्रेच परवडतात, आणि आज व्हेस्टासचेच २३६ मीटर व्यासाचे १५ मेगावॅटचे यंत्र उभे आहे. त्यांचे गंतव्य बरोबर होते. मुक्काम गाळण्यात चूक झाली. ग्रोवियान ज्या महिन्यात बंद झाले त्याच महिन्यात त्याच कैसर-विल्हेल्म-कोगमध्ये तीस लहान यंत्रांचे, जर्मनीतील पहिले पवनऊर्जा-उद्यान सुरू झाले. १९९१ पासून लागू झालेल्या कायद्याने वीजकंपन्यांना वाऱ्याची वीज ठराविक दराने घेणे भाग पाडले. हा मोबदला उत्पादित युनिटांवर असल्यामुळे न चालणाऱ्या यंत्रास काहीच मिळेना. त्यानंतर ग्रोवियानच्याच डिथमार्शन जिल्ह्यातील ब्रुन्सब्यूटेल येथे २००४ मध्ये आरईपॉवर कंपनीने ५ मेगावॅटचे, १२६ मीटर व्यासाचे यंत्र उभारले. तेही जगातील त्या वेळचे सर्वांत मोठे होते, पण ते टिकले, आणि पुढे त्या जातीची यंत्रे समुद्रात उभी राहिली.

याच कंपनीच्या द्वारे ही कथा महाराष्ट्रात येते. सुरतेच्या कापडउद्योगात विजेच्या महागाईने त्रासलेल्या तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये सुझलॉन कंपनी स्थापन केली. पुढे तिचे मुख्यालय पुण्यात झाले. जर्मन तंत्रसाहाय्यापासून आरंभ करून या कंपनीने २००७ मध्ये आरईपॉवर आपल्या ताब्यात घेतली, तेव्हा भारतीय उद्योगाच्या जागतिक भरारीचा दाखला म्हणून त्या व्यवहाराचा गौरव झाला. पण कर्जाचा भार पेलवला नाही, आणि २०१५ मध्ये ती जर्मन कंपनी विकून टाकावी लागली. यंत्रविद्या उत्तम असली तरी ती विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज तिच्या गुणांनी फिटत नाही, हा त्यातील हिशेब होय.

आपल्या देशातील पवनचक्क्यांचा प्रारंभ मात्र डेन्मार्कच्याच पायरीने झाला. १९८६ मध्ये रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरीन येथे किनाऱ्यावर जे पहिले प्रकल्प उभे राहिले त्यांत ५५ किलोवॅटची डॅनिश यंत्रे होती. पुढे सरकारने वेगवान घसाऱ्याची सवलत दिली: १९९० च्या दशकात यंत्राच्या किमतीची सर्वच्या सर्व रक्कम पहिल्या वर्षीच उत्पन्नातून वजा करता येई, २००२ मध्ये हे प्रमाण ८० टक्के झाले आणि २०१७ पासून ४० टक्के. कोयनेच्या शिवसागरावरील चाळकेवाडी-वनकुसवडेची पठारे, धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल, सांगलीचे माळ या काळात पवनचक्क्यांनी भरून गेले, आणि ज्या दुष्काळी टापूंत वाऱ्याला कोणी संपत्ती म्हटले नव्हते तेथे ती संपत्ती दिसू लागली. परंतु कर वाचविणे हा ज्याचा प्रधान हेतू त्या मालकाला यंत्र किती युनिट देते याची चिंता कमी असते. कॅलिफोर्नियाचा अनुभव आपणही घेतला. २००९ च्या अखेरीस केंद्राने उत्पादित युनिटामागे ५० पैसे प्रोत्साहन देण्याची योजना आणली, ती या दृष्टीने अधिक शहाणपणाची होती. मग फेब्रुवारी २०१७ मध्ये लिलावाची पद्धत आली. बहुतेक राज्यांत चार रुपयांच्या आसपास वा त्याहून अधिक असलेला दर पहिल्याच लिलावात ३ रुपये ४६ पैशांवर उतरला, आणि त्याच डिसेंबरात गुजरातच्या लिलावात २ रुपये ४३ पैशांवर. हा आकडा राष्ट्रीय यशाचा म्हणून मिरविला गेला. पण २०१६-१७ मध्ये सुमारे ५,५०० मेगावॅट शक्तीची यंत्रे उभारणाऱ्या या देशात पुढील वर्षी दोन हजारांच्याही आतच उभारणी झाली. बोली लावताना कागदोपत्री लिहिलेला दर आणि यंत्र उभे राहून प्रत्यक्ष मिळालेला दर या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता नव्या तंत्रांकडे वळू, कारण आजचे दावे त्यांच्याविषयीच आहेत. स्तंभाशिवाय, दोरीला बांधलेल्या पतंगासारख्या विमानाने उंचावरील वाऱ्यातून वीज काढावी ही कल्पना मोठी मनोहर आहे. कॅलिफोर्नियातील मकानी कंपनीने २००६ पासून तिच्यावर परिश्रम केले. २०१३ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि ६०० किलोवॅटचे, २६ मीटर पंखविस्ताराचे यंत्र तयार झाले. २०१९ मध्ये नॉर्वेच्या समुद्रावर त्याचे उड्डाण झाले, त्यात एक यंत्र कोसळले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये मातृकंपनीने हात आखडता घेतला. धनाची किंवा बुद्धीची तेथे वाण नव्हती. स्तंभाचे पोलाद वाचले तरी वर्षानुवर्षे अहोरात्र, निर्मनुष्य, विनाअपघात उडत राहण्याचा खर्च त्या बचतीला पुरून उरला. तथापि मकानीने आपले अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध केले, हे पटनम यांच्या परंपरेस साजेसे झाले.

तरत्या पवनचक्क्यांची वाटचाल अधिक आश्वासक आहे. नॉर्वेच्या सरकारी तेलकंपनीने २००९ मध्ये २.३ मेगावॅटचे एकच तरते यंत्र उभारून त्याची परीक्षा घेतली, आणि आठ वर्षांनी, २०१७ मध्ये, स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ ६ मेगावॅटची पाच यंत्रे तरंगत ठेवली. खोल समुद्रावरील वाऱ्यामुळे पहिल्या पाच वर्षांत त्यांनी आपल्या पूर्ण शक्तीच्या सरासरी ५४ टक्के उत्पादन दिले, जे जमिनीवरील यंत्रांना स्वप्नवत वाटावे. पण २०२४ मध्ये पाचही यंत्रे मोठ्या दुरुस्तीसाठी समुद्रातून ओढत नॉर्वेच्या बंदरात न्यावी लागली, आणि हा प्रकल्प आजही भरघोस सरकारी साहाय्यावर उभा आहे. म्हणजे हे तंत्र चालते, हे सिद्ध झाले. ते परवडते, हे सिद्ध व्हावयाचे आहे. या दोन वाक्यांतील अंतर वीस-वीस वर्षांचे असू शकते, आणि जो राज्यकर्ता पहिले वाक्य सिद्ध होताच दुसऱ्याचे श्रेय घेऊ पाहतो तो आपल्या देशाच्या विद्येचे अहित करतो.

मग राष्ट्राने नवीन काही करूच नये काय? असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल, कारण आज स्वस्त झालेली प्रत्येक पवनचक्की कोणत्या तरी जुन्या तोट्यातून जन्मलेली आहे, आणि तो तोटा पुष्कळदा सरकारांनीच सोसला आहे. भारताला तर या क्षेत्रात स्वतःची प्रतिभा दाखविण्यास मोठी जागा आहे. आपल्याकडे वर्षभराच्या उत्पादनाचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या पावसाळी वाऱ्यांत येतो आणि पुष्कळ ठिकाणी वाऱ्याचा वेग युरोपच्या किनाऱ्यांहून कमी असतो. तेव्हा मंद वाऱ्यातही भरपूर युनिट देणारी, शक्तीच्या मानाने मोठ्या व्यासाची व उंच स्तंभाची यंत्रे घडविणे, धूळ व दमट हवेत त्यांची दुरुस्ती स्वस्त करणे आणि मंद झालेल्या जुन्या चक्क्यांच्या उत्तम जागांवर नवी यंत्रे बसविणे, ही कामे विशेषणांना न शोभणारी असली तरी खऱ्या अर्थाने राष्ट्रीय आहेत. चाळकेवाडीच्या पठारावरील जागा वाऱ्याच्या दृष्टीने अव्वल आहेत, आणि तेथे जुन्या काळची लहान यंत्रे उभी ठेवणे हा उत्तम काळ्या जमिनीत खुरटे पीक घेण्याचा प्रकार होय.

म्हणून यापुढे कोणत्याही देशाने, आपल्या देशानेदेखील, पवनऊर्जेतील नव्या शोधाची दवंडी पिटली तर जाणत्या नागरिकाने काही प्रश्न विचारावे. यंत्र वर्षातून किती तास चालले आणि त्याने किती युनिट दिले? ते आकडे त्रयस्थाने तपासले काय, आणि ते सर्वांना पाहता येतात काय? उद्घाटनाचे यंत्र सरकारने घेतले, पण दुसरे, दहावे, शंभरावे यंत्र स्वतःच्या पैशाने कोणी घेतले? साहाय्य उभारणीवर मिळते की उत्पादनावर, आणि ते संपण्याची मुदत ठरलेली आहे काय? बँक त्या यंत्रास कोणत्या व्याजाने कर्ज देते आणि विमा कंपनी काय हप्ता मागते? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे ज्या यंत्राजवळ आहेत ते लहान असो वा मोठे, देशी असो वा परदेशी वंशाचे, त्याला नवोन्मेष म्हणावे. ज्याजवळ नाहीत त्याला प्रयोग म्हणावे आणि प्रयोगाचा मान द्यावा, परंतु प्रयोगाच्या पलीकडचा पैसा देऊ नये. आपल्या राज्यातील प्रत्येक पवनचक्कीचे मासिक उत्पादन आणि तिच्या बिघाडांची नोंद सर्वसामान्य नागरिकाला वाचता येईल अशा रीतीने दरमहा प्रसिद्ध करण्याचा नियम सरकारने केला, तर त्यास खर्च अत्यल्प येईल आणि त्याचे फळ एखाद्या नव्या प्रयोगशाळेहून कमी असणार नाही. तेवढा आग्रह वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधींपाशी अवश्य धरावा.